मोतीबाईच्या वाट्याचा चौथा उद्गार

आजाऱ्याला भेटायला जाणारे लोक मला मुळातच आवडत नाहीत. मी एसटीत कंडक्टर होतो, कारंजा डेपोला. सगळी नोकरी माणसं चढवण्यात-उतरवण्यात गेली, तेव्हा माणसांचा मला कंटाळा आहे असं कुणी समजू नये. पण केळी घेऊन येणारा, पंखा कुठे आहे ते बघून खुर्ची सरकवणारा, चहा संपला की "यात देवाची काहीतरी योजना असेल" असं सांगून चप्पल शोधणारा एक प्राणी आमच्या चर्चच्या मंडळीत भरपूर झाला आहे. त्याला बघितलं की माझं डोकं फिरतं.

मोतीबाईच्या घरी हे प्राणी चार वर्षं येत होते. सुरुवातीला रोज, मग रविवारी, मग नुसते नाताळला. एकदा आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नीनं हे योजनेचं वाक्य टाकलं तेव्हा मी तिथेच होतो. मोतीबाई अंगणात चादर पिळत होती. पिळता पिळता म्हणाली, "बाई, त्या योजनेत चादरी धुवाची पाळी कोनाची हाय, तेवढं इचारून सांगसान का?" पाळकीणबाई त्यानंतर फिरकल्या नाहीत. एक सुंदरबाई मात्र येत राहिली. गुडघे दुखतात अशी तक्रार करत ती स्टेशनापासून तांड्यापर्यंत चालत यायची आणि तशीच तक्रार करत चालत परत जायची. ती निदान काही उपदेश करत नसे.

जऊळक्याच्या स्टेशनापलीकडे मोतीबाईचा तांडा आहे. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला जातो. मोतीबाई आणि तिचा नवरा बादल दरसाल जायचे. एका वर्षी भरलेल्या ट्रॉलीवर दोर आवळताना बादल वरून खाली आला आणि त्याचा कणा मोडला. मुकादमानं त्याला दवाखान्याच्या दारात उतरवलं आणि नंतर त्याचा फोन कधी लागला नाही. कंबरेखाली बादलला काही समजत नाही. लघवीची पिशवी, शी, सगळं मोतीबाईकडे. तिथल्या डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सरळ सांगितलं होतं की हा माणूस आता चालणार नाही. त्या डॉक्टरबद्दल मोतीबाई आजही चांगलं बोलते. त्यानं खोटं सांगितलं नाही, म्हणते.

बादलच्या आजापासून हे घर आमच्या चर्चमध्ये आहे. मोतीबाईचं माहेर सेवालाल महाराजांना मानणारं. लग्न झाल्यावर तिचा बाप्तिस्मा झाला आणि विश्वास त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, असं ती स्वतःच सांगते. घरात नवरा-बायको गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलतात. मला ती पुरेशी समजते. इथे मी त्यांचं बोलणं आमच्या वऱ्हाडीत देतो आहे.

पडून राहणाऱ्या माणसाचं मरण बहुतेक वेळा पाठीच्या जखमेतून येतं, हे तिला उपकेंद्रातल्या रूपा सिस्टरनं शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. पहिल्याच वर्षी बादलच्या माकडहाडावर मूठ बसेल एवढा खड्डा पडला होता. तो भरायला वर्षाहून अधिक काळ लागला. भरला त्या दिवशी मोतीबाईनं तांड्यात गूळ वाटला. लोकांना वाटलं घरात सोयरीक जमली. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणाली, "खड्डा बुजला."

चर्चमध्ये उभं राहून सांगण्यासारखी एवढी एकच साक्ष गेल्या दहा वर्षांत आमच्या मंडळीत झाली असेल. पण तिला कुणी उभं केलं नाही. आमच्याकडे साक्ष कशाची देतात? मुलाला नोकरी लागली, प्लॉटचा निकाल लागला, जावयानं गाडी घेतली. रोज घाण काढून भरलेली जखम यात कुठे बसणार?

यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात एक नवीनच सोंग निघालं. ईस्टरच्या दिवशी मालेगावला, आमच्या वाशीमकडच्या, प्रार्थनेनं आजार बरे करण्याचा चंगाई मेळावा भरणार होता. मोठ्या शहरातून एक ब्रदर येणार होते. त्यांचा फ्लेक्स वाशीम रोडला लागला तो मी पाहिला. पांढरा कोट, पांढरे बूट, शाईसारखे काळे केस, आणि शेजारी एका रिकाम्या व्हीलचेअरचा फोटो. आमच्या मंडळीतला बबलू, ज्याचा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा आहे, तो या मेळाव्याचा तालुका संयोजक झाला. संयोजक झाल्यावर तो माणसाशी बोलतानासुद्धा माइकवर बोलल्यासारखा बोलू लागला.

हा बबलू बादलकडे गेला. जाऊ नये असं नाही, पण त्यानं बादलला सांगितलं की ईस्टरला तू स्टेजवर चालशील. फक्त विश्वास पाहिजे, तुझा आणि घरच्यांचाही. चार वर्षं छताकडे बघत पडलेल्या माणसाला तुम्ही असं सांगितलं तर तो काय करणार? बादलनं दाढी केली. पेटीतली पँट काढून उशाशी ठेवली. मोतीबाई म्हणाली की इतका खुश तो ट्रॉलीवरून पडल्यापासून दिसला नव्हता, आणि त्यामुळे तिला त्या बबलूचा गळा धरावासा वाटत होता. मी म्हटलं, माझी परवानगी आहे.

आता त्या चौथ्या उद्गाराची गोष्ट सांगतो.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी तीन तास उपासना असते. प्रभू येशू वधस्तंभावर जे सात उद्गार बोलला ते सात जणांना वाटून दिलेले असतात. ही वाटणी आधीच्या एका रविवारी उपासनेनंतर चर्चचे पंच मंडळीची सभा घेतात तिच्यात होते, आणि लग्नातल्या मानपानापेक्षा ती कमी नसते. शत्रूंना क्षमा करण्याचा पहिला उद्गार पाळकसाहेबांचा. चोराला स्वर्ग देण्याचा दुसरा निवृत्त हेडमास्तरांना हवा असतो, कारण त्यात गोष्ट सांगता येते. आईला शिष्याच्या हवाली करण्याचा तिसरा महिला मंडळाचा. पूर्ण झालं म्हणणारा सहावा ज्याचं बांधकाम नुकतंच संपलं त्याला. फक्त चौथा कुणाला नको असतो. देवा, तू मला का सोडलंस, असं प्रभू त्यात विचारतो. त्यावर दहा मिनिटं काय बोलायचं? म्हणून आमच्यात एक रीत पडली आहे: जो सभेला हजर नाही त्याच्या गळ्यात चौथा. मी पंच झाल्यापासून हेच पाहत आलो आहे.

मोतीबाई उपासनेनंतर कधी थांबत नाही. तिला घरी जाऊन बादलची कूस बदलायची असते. यंदा तिचं नाव लागलं. हरकत घेणारं कुणीच नव्हतं, सगळ्यांचं लक्ष आलेल्या भज्यांकडे होतं.

पाळकसाहेबांनी तिला निरोप पाठवला की फार खोलात जाऊ नये, शेवट विजयाचा करावा.

शुक्रवारी चर्चचे पत्रे तापलेले. पहिले तीन उद्गार सव्वा तास चालले. हेडमास्तरांनी चोराची गोष्ट सांगताना आपल्या नोकरीतली एक चोरीही सांगून घेतली. मग मोतीबाई उठली. हातात कागद नव्हता, पुस्तक नव्हतं. पदर सारखा करून ती म्हणाली:

"मले बोलता येत नाई. मीटिंगले मी नव्हती म्हून हे मायाकडं आलं. प्रभूनं देवाले इचारलं, मले काहून सोडलं. वरून काई उत्तर आलं नाई. मी चार वर्सापासून इचारून राह्यली, मलेबी आलं नाई. पन प्रभूले कोनी म्हटलं नाई, का तुया विश्वास कमी पडला म्हून."

पाळकसाहेब खुर्चीत पुढे सरकले.

"खाली लोक उभे होते. थे म्हनत, खाली उतरून दाखव, मंग मानू. थो उतरला नाई. आता आमच्या घरी येऊन, चालून दाखव, चालून दाखव, करनारे लोक कोनाच्या बाजूनं बोलून राह्यले, थे त्याईनंच पाहावं. मले घरी जा लागते."

आणि ती मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेली. विजय वगैरे काही केला नाही. पाचवा उद्गार ज्याच्याकडे होता त्याला उठायचं सुचेना. तहान लागली यावर तो बोलणार होता आणि त्याचा घसा खरोखरच कोरडा पडला होता. मी मात्र मान खाली घालून बसलो, कारण मला हसू येत होतं आणि उत्तम शुक्रवारी पंचानं हसणं बरं दिसत नाही.

माझं हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. बबलूनं तिचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. ते त्यानं बादलला पाठवलं आणि खाली लिहिलं, विश्वासात घरातूनच अडथळा आहे, प्रार्थना करा. याला मी संयोजक म्हणत नाही. याला मी दुसरंच काही म्हणतो, पण ते छापता येणार नाही.

शनिवारी आम्ही कबरस्तानात होतो. ईस्टरच्या पहाटेची उपासना आमच्याकडे कबरींमध्ये होते, म्हणून आदल्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या कबरी झाडतात, चुना देतात. मोतीबाई सासूच्या कबरीला चुना द्यायला आली. ब्रश फिरवता फिरवता तिनं मला सांगितलं. कंडक्टर होतो म्हणून तांडा मला अजून मास्तर म्हणतो.

"काल संध्याकाळपासून हात लावू देत नाईत, मास्तर. म्हनते, तूच आडवी आली. मी चालावं असं तुले वाटतच नाई. पलटवाले गेली त खाटीचा दांडा धरून ठेवते."

बादलच्या हातात जोर आहे. कोयता चालवलेले हात आहेत. तो दांडा धरून बसला तर त्याला हलवणं एकट्या बाईचं काम नाही.

"कालपासून उताणाच हाय का?" मी विचारलं.

"उताणाच हाय. खालून हात घालून पाह्यलं, गरम लागून राह्यलं. आजून एक दिवस असंच गेलं त फाटन." ती रडली नाही, चुन्याचा डबा ढवळत बसली. "एक पाय कबरीत होता त्याईचा, अन् मी वर काढलं. आता बबलू येऊन एका निरोपात परत ढकलून राह्यला."

मी म्हटलं, मी येतो, दोघं मिळून पलटवू.

"जबरदस्तीनं किती दिवस पलटवसान? त्याईनं सवता पलटू द्याले पाह्यजे. मी त्याईले उद्या मालेगावले नेनार हाय."

मला वाटलं उन्हानं हिचं डोकं बिघडलं. "कायले? त्या पांढऱ्या बुटांपुढं?"

"पाहू द्या त्याईले डोयानं. मी नाई नेलं, त मरेपर्यंत म्हनतीन, नेलं असतं त चाललो असतो. तुमी या संगं. अन् उभं कराले कोनी आलं, त मधात मी हाओ."

दुसऱ्या दिवशी पहाटेची उपासना झाली. पाळकसाहेबांनी आजपासून दुःख संपल्याचं जाहीर केलं. दुःखाला ते कुणी कळवलं नसावं. दुपारी मी तांड्यात गेलो. शेजारच्या वस्तीतला इंद्रभान आपला छोटा हत्ती घेऊन आला होता. एरवी त्यात तो भाजीपाला नेतो. इंद्रभान बौद्ध, त्याला चमत्कार म्हटलं की शिंका येतात. पण बादल आणि तो लहानपणी एका शाळेत होते. आम्ही गादीसकट बादलला उचलून मागे ठेवलं. बादलनं ती पेटीतली पँट इंद्रभानकडून घालून घेतली होती. बायकोकडे बघत नव्हता. उचलताना इंद्रभान फक्त एवढंच म्हणाला, "तू चालला त मी पेढे वाटीन, लेका. अन् नाई चालला त उद्या सकायी चहाले येईन."

मालेगावला मोठा मांडव होता. दाराशी बिल्ले लावलेले स्वयंसेवक होते. बसमध्ये फुकटे ओळखायची मला सवय आहे, तशी या पोरांना आजारी ओळखायची सवय होती. काठी टेकत येणारे, कंबर धरून येणारे, डोकं दुखणारे, यांना ते हाताला धरून पुढे नेत होते. आमच्या गाडीशी एक जण आला. त्यानं गादी पाहिली. लघवीची पिशवी पाहिली. मग तो दुसऱ्याशी हळू बोलला आणि परत येऊन गोड आवाजात म्हणाला की गाडी मागे जनरेटरजवळ लावा, आशीर्वाद तिथूनही पोचतो.

बादल म्हणाला, "मले पुढं जाचं हाय. बबलूनं सांगितलं हाय."

"बबलूभाऊ स्टेजवर बिझी आहेत," पोरगं म्हणालं.

जनरेटरजवळ आमच्याआधीच काही जण होते. एका आईच्या मांडीवर मान न धरणारं मोठं लेकरू होतं. एक म्हातारा होता, त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नव्हते. खरे आजारी होते ते सगळे मागे, धुराला लावलेले. प्रभू आला असता तर पहिल्यांदा इथेच आला असता, आणि ब्रदरनं त्यालाही पुढे बसवलं नसतं.

बादलला मी आणि इंद्रभाननं पाठीशी पोती लावून टेकवलं. दूर स्टेज दिसत होतं. ब्रदर ओरडले, गाणी झाली, पुन्हा ओरडले. मग व्हीलचेअर ढकलत आणली. तिच्यात एक बाई बसलेली. ब्रदरनी तिच्या कपाळावर हात ठेवला, ऊठ म्हणून गर्जना केली, आणि ती बाई उठून चार पावलं चालली. मांडव नुसता पेटला. लोक रडत होते, नाचत होते. बबलू माइकवर सांगत होता की ही भगिनी कित्येक वर्षं पांगळी होती.

ती सुंदरबाई होती. बादलनं तिला ओळखलं. गुरुवारीच ती केळी घेऊन त्याच्याकडे आली होती, स्टेशनापासून, आपल्या पायांनी.

नंतर मी सुंदरबाईला गाठून विचारलं. ती बिचारी गोंधळलेली होती. म्हणाली, "त्याईनं म्हटलं, मावशी, उभ्या कायले राह्यता, खुर्चीत बसा. म्हून बसली, बाप्पा."

बादलनं स्टेजकडून तोंड फिरवलं. चेहऱ्यावरचं सगळं गेलं. मी पुष्कळ माणसं हताश झालेली पाहिली आहेत, शेवटची गाडी चुकलेली, पण असं तोंड पाहिलं नव्हतं. आता मोतीबाई बोलेल असं मला वाटलं. तिला हक्क होता. तिच्या जागी मी असतो तर घरापर्यंत बोलत गेलो असतो. ती एवढंच म्हणाली, "इंद्रभानदादा, चाला."

ऊन उतरलं होतं. मी मागे त्यांच्याजवळ बसलो. रस्त्याला गाडी लागल्यावर बादलनं आभाळाकडे बघत विचारलं, "मी चालीन का वं कधी?"

आता ही बाई काय सांगते? आमच्या मंडळीतला कुणीही असता तर झटकन काहीतरी गोड फेकलं असतं. मीसुद्धा फेकलं असतं, उगाच कशाला नाकबूल करू.

"अठी, या जल्मात नाई चालसान," मोतीबाई म्हणाली. "डाक्टर खरं बोलला होता. मी तुमाले तवाच सांगाले पाह्यजे होतं, मायाच्यानं झालं नाई."

बादलनं डोळे मिटले.

"शेवटल्या दिवशी चालसान. कबरीतून प्रभूले काढलं देवानं, थो तुमाले काढन. त्यावर मायावाला पुरा भरोसा हाय, कालबी होता, शुक्रवारीबी होता. पन थो दिवस कवा, थे मले मालूम नाई. तवरक जे मधातले दिवस हाय, त्याईले मी हाओ."

रिकाम्या कबरीवर मी साठ ईस्टर ऐकले असतील. त्यातलं एकही प्रवचन माझ्या अंगात असं गेलं नाही. मी तोंड बाजूला करून रुमाल काढला. धूळ होती असं मी म्हणणार नाही.

बादलनं दोन्ही हात छातीवर घेतले आणि म्हणाला, "कर मंग."

तिनं इंद्रभानला गाडी बाजूला घ्यायला लावली. एक हात खांद्याखाली, एक कंबरेखाली घालून तिनं त्याला डाव्या कुशीवर घेतलं आणि पाठीमागे पोतं लावलं. मग ती पेटीतली पँट थोडी खाली करून बघितलं. मीही बघितलं. रुपयाएवढी कातडी गेली होती, खाली लाल ओलं दिसत होतं.

"फाटली का?" बादलनं विचारलं.

"हो."

"मोठी हाय?"

"लहान हाय."

"भरन का?"

"भरन," ती म्हणाली. "लय दिवस लागतीन."